मागच्या सीटवरचे साहेब

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उभ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून पेपर वाचत होते. पुढची सीट रिकामी होती. गाडी कुणाची, ती कधी निघणार आणि कुठं जाणार, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं. धारूरला आमच्या दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. सकाळी त्याच्यासमोर कर्मचाऱ्यांच्या गाड्या लागायच्या. त्यातली जी सावलीत असेल तिच्यावर साहेब जाऊन बसायचे. मालक बाहेर आला की मुकाट्यानं किक मारायचा आणि त्यांना घेऊन निघायचा. तो ज्या गावाला जाईल ते गाव त्या दिवशी साहेबांचं. तिथल्या दूध संस्थेची तपासणी करायची, गोठे हिंडायचे, आणि परत येताना दुसऱ्या कुणाच्या तरी मागं बसून यायचं.

हुद्द्यानं ते पर्यवेक्षक होते. सगळी नोकरी गावोगाव हिंडण्यात गेली, पण त्यांना कुठलंच वाहन चालवता येत नव्हतं. साधी सायकलसुद्धा नाही. आमचे व्यवस्थापक पुढच्या खोलीत बसायचे म्हणून ते पुढचे साहेब, आणि हे मागचे साहेब. हे नाव त्यांना माहीत होतं. एकदा फोनवर पलीकडच्याला ओळख पटेना, तेव्हा त्यांनीच सांगितलं, "मागचे साहेब बोलतोय." लगेच ओळख पटली.

मागं बसून त्यांनी अर्धा जिल्हा ओळखला होता. माणूस तोंडानं काहीही सांगतो, पण त्याच्या मागं बसलं की तो खरा कसा आहे ते कळतं, असं त्यांचं मत. आमचे हिशेबनीस उतार आला की पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचे. साहेब म्हणायचे, हा माणूस संघाचा पैसा कधी बुडवणार नाही, पण कधीतरी मला बुडवील. जनावरांचे एक डॉक्टर निवडणुकीचा विषय निघाला की वेग वाढवायचे. त्यांच्या मागं बसल्यावर साहेब फक्त पावसापाण्याचं बोलायचे. त्या वर्षी पाऊसपाणी नव्हतंच, म्हणून मग गप्प बसायचे.

पुढच्या माणसाला ते कधी धरत नसत. मांडीवर रेक्झिनची काळी बॅग, डोक्याला रुमाल, दोन्ही हात बॅगेवर. आणि बसण्याआधी न चुकता एक काम. उकिडवं बसायचं, चाकात वाकून ब्रेक बघायचा, बोटानं चाचपायचा, मग उठून धोतराला हात पुसायचे. पसंत पडला तर बसायचं, नाहीतर नाही. संघाच्या एका संचालकाच्या नव्याकोऱ्या दिसणाऱ्या बुलेटवर बसायला त्यांनी भर बाजारात नकार दिला होता. हा गृहस्थ मोठा जमीनदार, चार गावांचं राजकारण त्याच्या ओसरीवर चालायचं. साहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं की गाडीला पॉलिश झालंय, ब्रेक झालेला नाही. आणि ते ऊन डोक्यावर घेऊन पायी निघून गेले. संचालकानं चार दिवसांनी ब्रेक करून घेतला आणि साहेब त्याच्या मागं बसलेही, पण ती गोष्ट त्यानं मनात ठेवली.

मी तिथं कशी आले ते सांगायला हवं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मी डेअरीचा डिप्लोमा केला आणि केंद्रावर तात्पुरती म्हणून लागले. दुधाची फॅट काढायची, पाणी घातलंय का ते कळायला डिग्री बघायची, असं आतलं काम. माझा भाऊ चाकणला कंपनीत लागला आणि त्याची मोटारसायकल घरी राहिली. लाल रंगाची स्पोर्ट गाडी, पुढं झुकून चालवायची. मागची सीट उंटाच्या पाठीसारखी उंच. भावानं ती हौसेनं घेतली होती आणि आईनं ती दारात आली त्या दिवसापासून तिला शिव्या घातल्या होत्या. माझी जुनी स्कूटी बंद पडल्यावर मी ती चालवायला लागले. पहिले काही दिवस लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गावोगावचं दूध आटलं होतं. घाटाखाली तेलगावच्या बाजूला चारा छावण्या उघडल्या, आणि वरच्या गावांची माणसंही जनावरं घेऊन खाली उतरली. कारखान्याला जायचा ऊस छावणीत वैरण म्हणून जायला लागला. केंद्रावर इतकं थोडं दूध यायचं की एवढं मोठं यंत्र कशाला चालवायचं, असं वरच्या कार्यालयात बोललं जाऊ लागलं. केंद्र बंद झालं असतं तर आम्ही तात्पुरते लोक सगळ्यांत आधी घरी गेलो असतो. एकच मार्ग होता. छावणीतल्या लोकांचं दूध आमच्याकडं वळवायचं. तिथं खाजगी डेअरीचे टेम्पो आधीच उभे राहायचे. कुणीतरी रोज सकाळी छावणीवर जाऊन, लोकांसमोर दूध तपासून, विश्वास कमवायला हवा होता. फिरतीची दोन माणसं तोवर बदली मागून निघून गेली होती.

मी जाते म्हणाले. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला समजावलं. घाटाचा रस्ता, छावणीवर सगळे बाप्ये, त्यात ती तसली गाडी, उद्या काही बोललं गेलं तर संघाची बदनामी. मी आत बसून फॅट काढावी हेच बरं. तेवढ्यात दारात उभे असलेले साहेब म्हणाले, "हिच्या मागं मी बसतो."

व्यवस्थापकांना वाटलं ते चेष्टा करतायत. साहेबांनी सरळ विचारलं, "आजवर सगळ्यांच्याच मागं बसलोय. हिच्या मागं कावून बसू नये?"

कारण होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडं बाई बाप्याच्या मागं बसते. पिकल्या मिशांचा, धोतर नेसलेला, गावोगाव लोक नमस्कार करतात असा माणूस एका पोरीच्या मागं बसून बाजारातून गेलेला कुणी पाहिला नव्हता. ते कारण मोठ्यानं बोलायची मात्र कुणाची तयारी नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, बघा बुवा.

मी बाहेर येऊन आनंदानं गाडी काढली तर साहेब चाकाशी उकिडवे बसलेले. बराच वेळ उठले नाहीत. पुढच्या चाकाच्या तबकडीवर, डिस्कवर, बोट फिरवून त्यांनी मलाही फिरवायला लावलं. चर पडलेले हाताला लागत होते. तिला दोन्हीकडून दाबणारे ब्रेकचे पॅड झिजून मागची पत्र्याची पाठ उघडी पडली होती आणि ती लोखंडावर घासत होती. मला किर्र आवाज यायचा, पण मी तो धुळीचा समजत होते.

"याच्यावर मी बसत न्हाई," ते म्हणाले. "आन माय, तू बी बसू नको."

त्या दिवशी आम्ही दोघं दुधाच्या टेम्पोनं तेलगावला उतरलो, कारण तिथं स्पेअर पार्टचं बऱ्यापैकी दुकान होतं. दुकानदारानं काउंटरवर तीन पाकिटं मांडली. पहिलं गाडीच्या कंपनीचं, सीलबंद, आणि त्याची किंमत ऐकूनच मी ते बाजूला सरकवलं. दुसरं शहरातून आलेलं, चकचकीत, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसं. धातूची भुकटी दाबून केलेले हे पॅड कधी झिजतच नाहीत, असं दुकानदार सांगत होता. तिसरं पहिल्यासारखंच दिसायचं, पण कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं. ते इतकं स्वस्त होतं की माझा हात आपोआप तिकडं गेला. तात्पुरत्या माणसाचा पगार तो. त्यातून घरात द्यायचं, पेट्रोल घालायचं.

साहेबांनी मला अडवलं नाही की उपदेश केला नाही. त्यांनी दुकानदाराला विचारलं, तुमची गाडी कोणती? बाहेर उभी होती, माझ्या गाडीच्याच जातीची, निळी. साहेब उठले, बाहेर गेले आणि तिच्या चाकाशी वाकून बसले. दुकानदार अस्वस्थ होऊन काउंटरमागून बाहेर आला. परत आल्यावर साहेबांनी विचारलं की तुमच्या गाडीला लावलेले पॅड या तिन्हींत दिसत नाहीत, ते कुठं आहेत? दुकानदार हसला, जरा ओशाळला आणि खालच्या कप्प्यातून चौथं पाकीट काढलं. साधं पुठ्ठ्याचं, दुसऱ्या एका देशी कंपनीचं. यात नफा कमी म्हणून काउंटरवर मांडत नाही, एवढं मात्र त्यानं कबूल केलं.

आणि मग एकदा खरं बोलायचं ठरल्यावर तो भडाभडा बोलला. धातूचे ते महागडे पॅड पळवायच्या गाडीला ठीक, आपल्या चालवण्यात ते नीट तापतही नाहीत आणि उलट डिस्क खातात. आणि ते स्वस्तातलं पाकीट त्यानं स्वतःच उचलून मागं टाकलं. उतारावर सारखा ब्रेक धरला की त्याचा मसाला जळतो, मग दांडी दाबली तरी गाडी पुढंच जाते. साध्या पाकिटातले मऊ आहेत, लवकर झिजतील, पण झिजताना थांबवतील. साहेबांना ते वाक्य फार आवडलं. छावणीवर नंतर कितीतरी दिवस ते लोकांना सांगत होते, माणसानं असं असावं, झिजावं पण थांबवावं. खरं तर त्याचा अर्थ नीट लागत नव्हता, पण साहेब म्हणाले म्हणून लोक मान हलवायचे.

मी म्हणाले, मागच्या चाकालाही घेते. ते म्हणाले, मागचे अजून चांगले आहेत, मी बघितलेत. पुढच्याला चांगलं घे, मागच्याचं मागनं बघू. माझ्या पैशाची काळजी अशी परस्पर करून ते बाहेर जाऊन उभे राहिले, म्हणजे मला पाकिटातून नोटा काढताना त्यांच्यासमोर संकोच नको.

धारूरला मेकॅनिकनं पॅड बसवले, डिस्कचे चर घासून कमी केले आणि बजावलं की नवे पॅड एकदम घाटात न्यायचे नाहीत. आधी सपाट रस्त्यावर थोडा वेग घ्यायचा, हळूहळू ब्रेक दाबून गाडी जवळजवळ थांबवायची, पुन्हा निघायचं, पुन्हा तसंच. पॅड डिस्कला बसेपर्यंत. आम्ही केजकडच्या रस्त्याला लागलो. पुढं मी भावाचं हेल्मेट घालून, मागं उंच सीटवर मांडीवर बॅग घेतलेले साहेब. निघायचं, थांबायचं, निघायचं, थांबायचं. एक शेळ्यावाला विचारून गेला, साहेब, गाडी बंद पडती का? पुढच्या फेरीत एका म्हातारीनं रस्त्याकडेला उभं राहून मला दम दिला की बापाला असं हिसके देत का नेतेस. साहेबांनी तिला हात जोडून सांगितलं की लेक चांगली आहे, गाडी नवीन शिकतेय. "गाडी शिकतेय, ही न्हाई," असं नंतर मला म्हणाले.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी शिकला का नाहीत? मला वाटलं होतं काहीतरी जुना अपघात निघेल.

"एकदा शिकाया गेलतो," ते म्हणाले. "शेतात देवनी गाय दिसली. लई देखणी. तिच्याकडं बघत ऱ्हायलो, आन गाडी बाभळीत. गाडी चालवायची म्हंजे रस्त्याकडं बघावं लागतं, माय. मग जनावरांकडं कोण बघंल?"

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मी हसायचं विसरले. खरंच, मागं बसून ते सारखे रानात बघत असायचे. त्या दुष्काळात रानात बघवत नव्हतं. कुठं एखादी म्हैस दिसली की तिच्या वर आलेल्या पुठ्ठ्याच्या हाडांवरून ते सांगायचे, या घरात वैरण आता किती पुरेल. बहुतेक वेळा ते खरं निघायचं, आणि मग ते स्वतः त्या घरी जाऊन जनावर छावणीत घालायला सांगायचे.

आम्ही रोज घाट उतरायला लागलो. पहिल्या दिवशी छावणीच्या चहाच्या टपरीवर सगळे उठून उभे राहिले, साहेबांना नमस्कार करायला की आम्हाला बघायला, देव जाणे. मी दूध तपासायची, ज्याचं त्याला आकडे दाखवायची, आणि साहेब जनावरांमध्ये फिरायचे. चार लोकांनी दूध घातलं, मग आणखी चार. बोलणंही सुरू झालं. ज्या संचालकाच्या बुलेटवर बसायला त्यांनी भर बाजारात नकार दिला होता, त्यानं महिन्याच्या बैठकीत विषय काढला. संघाचा अधिकारी म्हातारपणी पोरीच्या मागं बसून हिंडतो, लोक हसतात. बैठकीत मी चहा पिऊन झालेले कप गोळा करत होते. एवढ्यावरून माझं काम काढून घेतलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

साहेब उठलेही नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "मालक, मी तुमच्या मागं बी बसलोय. तुमच्यापरीस ही येळेवर थांबती."

आधी हिशेबनीस हसले. मग सगळेच. शेवटी संचालकालाही हसावं लागलं, आणि तो विषय तिथंच संपला. पुन्हा कुणी काढला नाही.

घाटातला तो दिवस त्यानंतरचा. धारूरचा घाट अरुंद आहे, एका बाजूला डोंगर, दुसरीकडं दरी. सकाळची वेळ होती, आम्ही उतरत होतो. वळणापलीकडं वर चढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमधून मोळ्या खाली पडल्या होत्या. ट्रॅक्टर पुढं निघून गेला होता. छावणीला चाललेलं एक कुटुंब, नवरा-बायको, दोन गाई आणि एक कालवड, तो ऊस गोळा करायला भर रस्त्यात वाकलेलं. वळण घेतलं आणि मला समोर त्या बाईची पाठ दिसली. तिच्या कवेत ऊस होता, तिला माझी चाहूल नव्हती. एका बाजूनं गाई, दुसरीकडं दरी, काढायला जागा नाही.

मी ब्रेक दाबला. एकदम नाही. सपाट रस्त्यावर साहेबांसोबत शिकले होते तसा, आधी थोडा, मग पूर्ण. गाडी तिरकी झाली नाही. सरळ रेषेत थांबली, तेव्हा पुढचं चाक तिच्या लुगड्याच्या काठाजवळ होतं. तिनं वळून पाहिलं आणि ऊस हातातून सोडून दिला.

माझ्या खांद्यावर काहीतरी जड वाटलं. साहेबांचा हात होता. त्यांनी तो लगेच काढून घेतला, खाली उतरले आणि रस्त्यावरचा ऊस वेचायला लागले. बाईचा नवरा नको नको म्हणत होता, तरी त्यांनी सगळा ऊस कडेला लावला. त्यातलं एक कांडं मोडून कालवडीला दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या माणसाला विचारलं, काय वयाची, केव्हा गाभण राहील. तो माणूस भांबावून उत्तरं देत होता. तेवढ्या वेळात मी गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि सावरले. मला वाटतं, ते एवढ्यासाठीच चाललं होतं. मग ते परत येऊन बसले आणि म्हणाले, चल.

ती बाई दुसऱ्या दिवशी छावणीत दुधाची किटली घेऊन आली. तिच्याबरोबर तिच्या गावच्या आणखी बायका होत्या. खाजगी टेम्पोवाला त्यांना हाका मारत होता. ती त्याला एवढंच म्हणाली की आम्ही ताईकडं घालणार, आणि ओळीत उभी राहिली.

केंद्र टिकलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, छावण्या उठल्या, लोक जनावरं घेऊन आपापल्या गावी गेले, पण दूध आमच्याकडंच येत राहिलं. मला कायम केलं आणि फिरतीवर घेतलं. आता मीच पर्यवेक्षक आहे. केंद्रावर आणखी दोघी आहेत, दोघी स्वतःच्या गाडीवर जातात, आणि त्यांच्याकडं कुणी दुकानातून बाहेर येऊन बघत नाही. साहेब निवृत्त झाल्यावर लिंबागणेशजवळच्या त्यांच्या गावी होते. गेल्या वर्षी गेले. मी त्यांच्या मातीला गेले होते. अंगणात इतक्या मोटारसायकली लागल्या होत्या की आत जायला वाट नव्हती. त्यातल्या बहुतेकींच्या मागच्या सीटवर ते कधी ना कधी बसले असणार.

मला राहून राहून आठवते ती त्यांच्या नोकरीची शेवटची संध्याकाळ. निरोपाचा कार्यक्रम आदल्या दिवशीच झाला होता, हार-नारळ घेऊन. तरी ते म्हणाले, शेवटचा दिवसही भरून टाकू, आणि आम्ही खाली तीन गावं केली. परतताना ऊन कललं होतं. तेलगाव सोडलं, घाट सुरू झाला, आणि पहिल्या चढावर माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही, की रडतायत. मी हळूच हाक मारली. उत्तर आलं नाही. आरशात बघितलं तर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कललेलं, तोंड थोडं उघडं. एवढी वर्षं इतक्यांच्या मागं बसून डोळ्यांत तेल घालून रान बघणारा तो माणूस गाढ झोपला होता.

त्यांना उठवावं असं मनात आलं, तसं झोपणं धोक्याचंच होतं. पण उठवलं नाही. डावा हात मागं नेऊन त्यांचं मनगट धरलं आणि गाडी एकाच गिअरमध्ये अगदी सावकाश ठेवली. वळण लांबूनच बघायचं, समोरून काही आलं तर नुसता वेग सोडायचा. मागून आलेला दुधाचा टेम्पो हॉर्न न वाजवता आमच्या मागं मागं चालत राहिला. ब्रेक लावला असता तर त्यांचं डोकं पुढं हिसकलं असतं. म्हणून धारूर येईपर्यंत मी ब्रेकला हात लावला नाही.